पिंपळाच्या चित्राचा पंचनामा

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या, मग मधात नका थांबवू. या किश्श्यात गाढव कोण, हे मी आधीच सांगून टाकतो. मी!

मी तालुक्याच्या कोर्टात कारकून होतो. जिंदगीभर खोट्या साक्षी ऐकल्या. त्याचा परिणाम असा झाला, की कोणी हसून नमस्कार केला तरी मले वाटते, याचं काहीतरी काम अडलं असन. दूधवाल्यानं माप थोडं जास्त घातलं तर लोक खुश होतात. मी दूध हुंगून पाहतो!

रिटायर झालो आन् घाटंजीतल्या घरी बसलो. आता घरी संशय घ्याले माणूस किती? एक बायको! मंदा चारच दिवसांत कावली. "अवो, माह्या भाजीतलं मीठ काय तपासून राह्यले? काहीतरी छंद लावा जिवाले!"

मग पोरीनं पुण्याहून जलरंगाची डबी पाठवली. सोबत फोनवर तंबी. "बाबा, रोज एक चित्र काढायचं. बिघडलं तरी फाडायचं नाही. बिघडलेलं चित्र समोर ठेवून पाहायचं, त्यातूनच हात बसते."

बसला हो हात! पहिला पिंपळ काढला, तर मंदा म्हणते, "फुलकोबी छान जमली." दुसऱ्या दिवशीचा पाहून म्हणते, "आज कोबी जरा जळल्यावानी वाटते."

पण मी सोडलं नाही. रोज सकाळी ओट्यावर बसायचं आन् समोरचा पिंपळ काढायचा. काढला की लवकर वाळावा म्हून आतल्या खोलीत कूलरसमोर स्टुलावर ठेवायचा. जेवायचं, झोपायचं. आपल्या इकडच्या उन्हाळ्यात दुपारी दुसरं काय करता येते?

आता पुढंही पिंपळच काहून धरला, ते ऐका. शेजारी मेश्राम राहते. एसटीत ड्रायव्हर होता, माह्या तरुणपणापासूनचा दोस्त. मी कारकून, तरी मले 'जजसाब' म्हणते. त्यानं घरावर नवी खोली बांधली. एक दिवस म्हणाला, "जजसाब, बुद्ध पौर्णिमेले नव्या खोलीत वंदना ठेवली हाय. भिंतीले लावाले एक पिंपळ दे ना काढून. तुह्या हातचा पायजे."

दुसरा कोणी असता तर गहिवरला असता. मी काय विचार केला? की बाजारात फ्रेमा मिळत असताना हा माह्या कोबीले भिंतीवर कायले चढवून राह्यला? सगळ्या पाहुण्यांसमोर माही खिल्ली उडवते का काय?

आन् त्याच दिवसांत भानगड सुरू झाली.

सकाळी हिरवागार पिंपळ ठेवून झोपावं, आन् उठून पाहावं तर रंग अर्धा गायब! धुतलेल्या लुगड्यावानी फिका. वरून पानांमध्ये पांढुरके ठिपके. गोल गोल, कडा फुटलेले. कोणीतरी पाणी शिंपडल्यावानी!

मी पोरीले फोन केला. ती म्हणे, "बाबा, जलरंग वाळल्यावर फिकाच पडते. सगळ्यांचाच पडते."

झालं! माह्या मनात आलं, साक्षीदार फितूर झाला. पोरीलेही कोणीतरी पढवलं!

पण चोर कोण? मंदा म्हणावं, तर ती माह्या आधी घोरते. मग राहिला कोण? दुपारी घरात येते कोण? मेश्राम! त्याच्याकडे कूलर नाही. दुपारी तो आमच्या आंगणातल्या नळावर तोंड धुते, आन् थेट माह्या कूलरसमोर येऊन बसते. म्हणजे ओले हात घेऊन माह्या चित्रापाशी! अजून कोणता पुरावा पायजे तुम्हाले?

आन् वरून मी उठलो की चित्राकडे पाहून म्हणे, "वा जजसाब! आज तर कालच्याहून भारी!"

सांगा बरं, ठिपके पडलेल्या चित्राले कोणी भारी म्हणते? गुन्हेगारच म्हणन ना?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माह्याकडून खरंच झक्कास पिंपळ उतरला. खोड खोडावानी, पानं पानावानी. मंदानंही भाजीचं नाव घेतलं नाही! हेच चित्र भिंतीवर जाणार होतं. म्हटलं, आज काहीही झालं तरी याले हात लागू द्यायचा नाही. चित्र नेहमीच्या जागी ठेवलं आन् मी दाराच्या पडद्यामागं उभा राह्यलो. घामानं बनियन भिजली, पाठीले मुंग्या चावल्या. पण हललो नाही.

नळ वाजला. चपला निघाल्या. मेश्राम आत आला, चित्रापाशी गेला, खाली वाकला आन् त्यानं हात पुढं केला.

"पकडलं!" मी पडदाफाड ओरडलो. पडदा खरंच फाटला आन् माह्या डोक्यावरच आला! तसाच पडदा घेऊन मी त्याचं मनगट धरलं. "रंगेहाथ पकडलं! रोज माह्या चित्रावर पाणी शिंपडून राह्यला तू! काहून? जळते का तुले?"

मंदा धावत आली. "अवो, काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं! ह्यानं माह्या चित्राची वाट लावली!"

मेश्रामनं माह्याकडं पाह्यलं. मग हळूच म्हणाला, "जजसाब, माह्याच घराले लावाचं चित्र मीच खराब करीन?"

त्याच्या डोळ्यात पाणी होतं हो. खरं सांगतो, तिथंच माही जीभ आखडाले पायजे होती. पण सवय वाईट! मी म्हणालो, "मंग हात दाखव!"

त्यानं दोन्ही तळवे माह्यापुढं धरले. कोरडे ठाक. खांद्यावरच्या दुपट्ट्याले पुसूनच तो रोज आत येत होता.

आन् तेवढ्यात...

फुर्र! कूलर शिंकला. एक थेंब माह्या नाकावर, दुसरा चष्म्यावर, आन् बाकीचे टपटप टपटप पिंपळावर! आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत हिरव्या पानांत गोल गोल ठिपके उमलले.

कूलर आपला घुर्र घुर्र करत होता.

मंदानं कमरेवर हात ठेवले. "उन्हाळा लागल्यापासून सांगून राह्यली, त्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदला, पाणी फेकते. तर म्हणे दुकानदार लुटते! घ्या आता!"

मी मेश्रामचं मनगट सोडलं. तो चहा न पिता निघून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी मी कूलर बंद केला, घामाच्या धारांत नवा पिंपळ काढला. एक ठिपका नाही! पौर्णिमेले सकाळीच तो घेऊन मेश्रामच्या दारात उभा राह्यलो. "जय भीम, मेश्राम. चुकलं माह्यं. माह्यावानी मूर्ख साऱ्या तालुक्यात नसन. हे घे, एकदम साफ चित्र आणलं."

त्यानं चित्र पाह्यलं. मले पाह्यलं. "हे नाही पायजे."

मले वाटलं, संपलं सगळं. दोस्ती गेली.

"कालचं कुठाय? ठिपकेवालं?" तो म्हणाला. "अबे, रोज भारी भारी म्हणत होतो ते काय उगाच? पिंपळाखाली बसलं की पानातून कसा उजेड टपकते, तसं दिसते त्यात. काल तेच उचलून जवळून पाहाले वाकलो, तर तू पडदा घेऊन आंगावर आला!"

मी लहान पोरावानी पळत जाऊन ते चित्र आणलं. भिंतीवर लागलं. वंदना झाली, खीर वाटली, आन् जो तो चित्रापाशी थांबून विचारे, "पानातला उजेड कसा काढला हो?" मी खीर खाता खाता छाती फुगवून राह्यलो होतो. मेश्राम आपला गालात हसे आन् गप्प बसे. दोस्ताची इज्जत ठेवली त्यानं.

नव्या ताट्या अजूनही आणल्या नाहीत. पण थंडी लागली आन् मंदानं कूलर बांधून गच्चीवर ठेवला. माही रोजची चित्रं सुरूच आहेत. परवा मेश्राम आला, ताजा पिंपळ हातात घेऊन बराच वेळ पाह्यला. मी वाट पाहून राह्यलो की आता म्हणते, भारी.

तो म्हणाला, "जजसाब, कूलर कधी उतरवून राह्यला खाली?"

"काहून? एवढ्या थंडीत तुले गरम होऊन राह्यलं?"

"नाही रे," तो म्हणाला, "चांगलं चित्र पाहून लई दिवस झाले."