दहा रेघांची सुई

माझे काका शिंपी होते आणि त्यांना सुईची भीती वाटायची. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आणि प्रत्येक जण हसला. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बोलणारा हा माणूस सकाळी सात वाजता बाही वर सरकवायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा.

"झालं का वं?"

"अजून टोचलीच नाही," मी म्हणायची.

"मंग टोच ना बाई लवकर. काहून जीव घेऊन राह्यली माह्या!"

ती सुई इन्सुलिनची. काकांना तिशी ओलांडल्यावर साखरेची बिमारी निघाली. माठच्या माठ पाणी प्यायचे आणि दर महिन्याला स्वतःच्या सदऱ्याला आतून शिवण मारून तो लहान करायचे. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता रोज सुई, आणि तीही जन्मभर. माझे आईवडील मी चार वर्षांची असतानाच गेले होते. काका-काकूंना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी मला तुमसरकडच्या गावातून बालाघाटला आणलं. पुढच्या खोलीत मशीन आणि मागच्या खोलीत संसार. दुकानाची पाटी हिंदीत, गिऱ्हाईक हिंदीत, माझी शाळासुद्धा हिंदीत. मागच्या खोलीत शिरलं की मात्र आमची बोली.

काकूंना पिचकारीवरच्या बारीक रेघा दिसत नसत, आणि काका तर बघायलाच तयार नसत. म्हणून कंपाउंडरने मला शिकवलं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, गार होऊ द्यायची, वीस रेघा औषध ओढायचं, उजेडाकडे धरून बुडबुडा काढायचा. सुई बोथट झाली की काका ज्या दगडावर कात्रीला धार लावायचे त्याच दगडावर ती घासून द्यायचे. औषधाची बाटली गोंदियाहून राजेगावच्या रस्त्याने बसमधून यायची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, आणि आमच्या घरी माठाखालच्या ओल्या रेतीत राहायची. उन्हाळ्यात त्या रेतीवर मी दिवसातून चार वेळा पाणी शिंपडायची.

सुईनंतर अर्ध्या तासात जेवण झालंच पाहिजे. नाही झालं तर काकांना 'उतार' यायचा. हा शब्द त्यांचाच. अंगाला दरदरून घाम, हात कापायचे आणि मग भलतंसलतं बोलणं. एकदा अशा उतारात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला खिसा पाठीवर लावला होता. सदऱ्याच्या खिशात म्हणून ते नेहमी गुळाचा खडा ठेवायचे.

डोळे हळूहळू अंधुक होत गेले. सुईत दोरा ओवता येईना. मग सकाळी त्यांना टोचून झालं की मी पंधरा सुयांमध्ये वेगवेगळ्या रंगांचे दोरे ओवून त्या टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायची आणि शाळेत जायची. एका वर्षी मशीनच्या पायट्याने काकांच्या पायाचा अंगठा सोलला, ती जखम दोन महिने भरली नाही. जून महिना होता, शाळांच्या गणवेशांचा ढीग पडला होता. काकांनी दुखरा पाय स्टुलावर ठेवला आणि एका पायाने मशीन चालवली. एकही कपडा उशिरा गेला नाही. मला तेव्हा वाटायचं, आणि आजही वाटतं, की त्यांच्याएवढा जिद्दीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्याएवढा हट्टीही नाही. यातली पहिली गोष्ट सांगताना मला दुसरीचा राग येतोच.

माझी सोयरीक तुमसरकडे जुळली तेव्हा काकांनी बिमारीची गोष्ट लपवली. "घराण्यात हाय म्हणतीन, पोरीले बी होईन म्हणतीन. कोन करते मंग?" काकूंनी देवाची शपथ घेऊन तोंड बंद ठेवलं. मीही ठेवलं. खरं सांगायचं तर मलाही ते लग्न व्हायला हवं होतं. मुलगा मला आवडला होता.

एकच अडचण होती. कन्यादान करणाऱ्याने उपास धरायचा, कन्यादान होईपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, देवाला सगळं समजतं, थोडी भाकर खा. काका भडकले. "आपल्या पोरीले खाऊन-पिऊन देऊ का? एकच तं पोरगी हाय मले." शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी सुई अर्धीच घ्या, दहा रेघा, आणि बारानंतर काही झालं तरी खा. मुहूर्त अकराचा होता. सगळं बसत होतं.

लग्नाच्या सकाळी मागच्या खोलीत पाहुण्या बायकांची ही गर्दी. माझे हात हळदीने पिवळे. काकांना मी पाणी तापवायच्या निमित्ताने न्हाणीच्या आडोशाला बोलावलं, कुणी पाहू नये म्हणून घाईघाईने औषध ओढलं, उजेडाकडे धरलं आणि टोचलं. त्या दिवशी ते "झालं का वं" म्हणाले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मांडवात निघून गेले.

अकरा वाजले. वरात आली नाही. ट्रकवरून आलेल्या कोणी निरोप आणला की वरातीची बस कटंगीच्या पलीकडे बंद पडली आहे. वैशाखाचं ऊन, मांडवावरचे आंब्याचे डहाळे करपून गेलेले. बारा वाजले. काकू आत आल्या, माझ्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "अर्धीच देल्ली ना वं आज?"

"हौ," मी म्हटलं.

म्हटलं आणि त्याच क्षणी मला पिचकारी दिसली. उजेडाकडे धरलेली, वीस रेघांपर्यंत भरलेली. आठ वर्षं माझा हात रोज वीसवर थांबत होता, त्या दिवशीही तो वीसवरच थांबला होता.

 तेव्हाच बोलायला हवं होतं. काकू किंचाळल्या असत्या, बायका गोळा झाल्या असत्या, वरातीच्या आधी आलेली मुलाकडची दोन माणसं मांडवातच बसली होती. मी गप्प बसले. भित्रेपणा होता तो, दुसरा शब्द नाही. फक्त एवढं म्हणाले, "काकू, बारा वाजले. त्यांना साखरेचं पाणी द्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

काकू गेल्या आणि भरलेला पेला तसाच घेऊन परत आल्या. "नाही म्हनते. वरात येऊनच राह्यली म्हनते."

"पुन्हा जा."

"तूच सांग त्याईले. माह्यं कोन आयकते?"

नवरी एकटी मांडवात कशी जाणार? मी दाराच्या फटीतून बघत बसले. काका खांबापाशी उभे राहून लोकांना पाणी द्यायला सांगत होते. एक वाजला. ते पाटावर बसले. उपरण्याने मान पुसली. सगळेच मान पुसत होते, पण मला त्यांचा घाम वेगळा ओळखू येत होता. मी एका चुलत बहिणीला पाठवलं, म्हटलं सांग, मी शपथ घातली आहे. ती हसत परत आली. "काका म्हणे, शपथा सासरी घालजो." आतल्या बायका खोखो हसल्या. मला त्या सगळ्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

दोन वाजायच्या सुमारास वरात आली. बाजा वाजला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पण कन्यादान आणि फेरे बाकी होते, म्हणजे लग्न अर्धंच लागलं होतं. काका आणि काकू आमच्यासमोर बसले. भटजींनी माझा हात नवऱ्या मुलाच्या हातावर ठेवला आणि त्याखाली काकांनी आपली ओंजळ धरली.

त्या ओंजळीचा स्पर्श मी विसरलेले नाही. मांडवात उन्हाची आग पेटलेली आणि ती ओंजळ थंड, ओलीचिंब. ती कापत होती आणि तिच्याबरोबर आमचेही हात कापत होते. भटजी म्हणाले, "म्हणा, माझ्या मागे म्हणा." काकांनी माझ्याकडे पाहिलं, पण त्यांना मी दिसत नव्हते.

"बाई, काजं केली का?" ते म्हणाले. "सायब येऊन राह्यले ना. बटनं कुठं ठेवली?"

कुणीतरी हळहळलं, पोरीच्या वियोगाने झालं म्हणे. पण वऱ्हाडातून एक आवाज आला, अगदी स्पष्ट. "पिऊन बसला का हा?" माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी काकांच्या तोंडाकडे वाकून पाहिलं, वास घेतल्यासारखं. काकू झारी धरून दगडासारख्या बसलेल्या. देवाची शपथ घेतली होती ना त्यांनी.

मग काका एका अंगावर कलले.

मी नवऱ्या मुलाच्या हातातून हात ओढून घेतला. पूजेच्या ताटातला गुळाचा खडा उचलला आणि काकांच्या तोंडाशी नेला. त्यांनी दात आवळून धरले. तसल्या अवस्थेतही त्यांना उपास आठवत होता! "अजून... नाही झालं," एवढंच पुटपुटले. मी ओरडले. मांडवाच्या शेवटापर्यंत ऐकू जाईल इतकी ओरडले.

"काका, तोंड उघडा! मी पूर्ण सुई दिली तुम्हाला. वीस रेघा दिल्या. चुकले मी. गिळा!"

भटजींच्या वाटीत मध होता. तो बोटावर घेऊन मी त्यांच्या गालाच्या आतून चोळला, पुन्हा पुन्हा, हिरड्यांना, जिभेखाली. माझ्या मुंडावळ्यांची सर त्यांच्या मिशीत अडकली होती. बाजा थांबला.  नवरा मुलगा उठला, काकांच्या मागे जाऊन बसला आणि त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवून धरली.  मला तेवढ्यात कळलं की लग्न राहिलं किंवा मोडलं, माणूस मी बरोबर निवडला होता.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले, गूळ चघळला आणि विचारलं, "उपास मोडला का माह्या?"

सासरे म्हणाले, "कोनती बिमारी हाय?"

काकूंनी झारी खाली ठेवली. "साकरेची. आठ वर्सं झाले. रोज सुई घेते आन् रोज मशीन चालवते. दारूचा थेंब नाही पेला कधी." आणि त्या रडायला लागल्या.

"सांगाले पाह्यजे होतं."

"हौ," काका म्हणाले. "पाह्यजे होतं. पोरीचा दोष नाही त्यात. माह्या हाय."

त्यांची वडीलमाणसं मांडवामागे जाऊन बोलत बसली. आम्ही पाटावर तसेच. काका पाण्याच्या घोटाबरोबर उरलेला गूळ खात होते, मिशीला मध लागलेला, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी सासरे परत आले. बंद पडलेल्या बसचं उपाशी वऱ्हाड तसंच माघारी नेणं त्यांनाही सोपं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ते पाटाजवळ उभे राहिले आणि काकांना म्हणाले, "आता पोट भरलं असंन तं हात पुढं करा." काकांनी ओंजळ पुढे केली. ती आता कापत नव्हती.

महिन्याभराने मी पहिल्यांदा माहेरी आले. सकाळी सातला मागच्या खोलीत गेले तर काका स्वतः पिचकारी उजेडाकडे धरून, भिंग लावून रेघा मोजत होते. मांडीवर टोचायला शिकले होते. गादीला पंधरा सुया टोचलेल्या होत्या, काकूंनी ओवलेल्या. रंग सगळे एकाखाली एक चुकलेले. मला ते बघवेना.

"आता तोंड नाही का फिरवत?"

"आपल्याच हातानं टोचाची म्हटल्यावर कुठं फिरवू?" ते हसले. मग म्हणाले, "लग्नाच्या दिवशी बी नोयतं फिरवलं. पोरीच्या हातची आखरीची सुई हाय, म्हटलं आज पाहून घेऊ कशी टोचते."

मला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतं? वीस भरल्या होत्या ते?"

"रेघा नाही मोजता आल्या, पन दहाहून जास्त हाय हे दिसलं. बोलतो तवरिक पुरी आत गेलती."

"मग बोलला का नाहीत? खाल्लं का नाही?" माझा आवाज चढला. "मी आत मरत होते. पेल्यावर पेले पाठवत होते!"

"सांगतलं असतं तं तू हयद लावून रडत बसली असती. म्हटलं वरात येते आताच, कन्यादान होते, मंग खाऊन घेतो. तुले कायले मालूम पडाले पाह्यजे?"

मी त्यांच्यावर फार ओरडले त्या सकाळी. मरण ओढवून घेतलं असतं म्हणाले, माझ्या हाताला जन्मभराचा डाग लागला असता म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भरलेली पिचकारी माझ्या हातात दिली आणि दंडाची बाही वर सरकवली.

"टोच आता. बोलून-बोलून भूक लागली मले."

मी पिचकारी उजेडाकडे धरली. वीस रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. काका माझ्या हाताकडे बघत होते.