ड्रायव्हरच्या बाजूचं दार

गाडीत बसण्याआधी सविता चारही टायरना एकेक लाथ मारते. हवा बघायची तिची हीच रीत. चहा उभ्याने पिते, तोही अर्धा. गतिरोधक यायच्या आधी 'धरा' म्हणते. फोनमध्ये पेशंटची नावं ठेवत नाही, जागा ठेवते: 'पुढची', 'मधली खिडकी', 'मागची डावी'. आरसा दिवसातून दहादा पुसते, स्वतःचं तोंड मात्र त्यात बघत नाही. आणि रागावली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. इतका उतरतो की समोरच्याला पुढे झुकावं लागतं.

गेल्या एप्रिलमध्ये बऱ्याच जणांना झुकावं लागलं.

सविता साक्रीची. वय पस्तीस. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला ती सहा पेशंट व्हॅनमध्ये घालून धुळ्याला निघते. डायलिसिससाठी. चार तास मशीनवर, मग परत. फेरी चुकली तर अंगात पाणी साठतं, आधी पायांवर दिसतं, मग छातीत चढतं. हे तिला कुठल्या डॉक्टरने शिकवलेलं नाही. तिचे वडील यादव दोन वर्षं याच रस्त्याने गेले. आधी एस्टीने, मग तिने ही जुनी व्हॅन घेतली तेव्हा व्हॅनने. गाडी चालवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

व्हॅनचा पत्रा पातळ. साठच्या पुढे गेली की छत, दारं, तळ, सगळं एकदम थरथरायचं. कुणी तेलाचा रिकामा डबा बडवत बसावं, तसं. मशीनवरून उठलेल्या माणसाचं डोकं आधीच फुटायला आलेलं असतं. यादव कानात कापसाचे बोळे घालून, डोळे मिटून बसायचे. एकदा म्हणाले, "पोरी, सुया सहन होतात. हा पत्रा होत नाही."

तीन महिन्यांनी ते गेले. व्हॅन राहिली, बाकीचे पेशंट राहिले आणि पत्रा राहिला. तो गप्प करायचा, एवढं तिने मनाशी धरलं.

पहिला उपाय झुलाल नानांचा. हे 'मधली खिडकी'. त्यांचा भाचा रावेरला केळी पॅक करतो. फण्यांच्या मध्ये घालतात तो पांढरा फोम त्यांनी गोणी भरून आणला. "फुकटना माल शे पोरी, लाव!" तिने दारांची अस्तरं काढून आत फोम कोंबला. दुसऱ्या दिवशी व्हॅन तशीच वाजत राहिली.

"नाना, केळी असती तर गप्प बसली असती," सविता म्हणाली.

"मंग आते आम्ही बठ्ठा पिकसूत आठे," केळ्यांसारखं सगळ्यांनीच पिकायचं म्हणत नाना डोकं धरून बसले.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी ती जळगावला गेली. सीट कव्हर, हॉर्न, कारपेट विकणाऱ्या शालिग्रामच्या दुकानाचं नाव तिला दोघातिघांनी सांगितलं होतं. शालिग्राम बोलायला गोड. पहिली गोष्ट त्याने खरी सांगितली.

"ताई, मऊ वस्तूने पत्रा थांबत नाही. त्याला वजन लागतं. वाजणाऱ्या ताटावर हात ठेवला की ताट थांबतं ना? तसा हात कायमचा ठेवायचा."

हे तिला पटलं. दुकानात एक सुटं दार साखळीने टांगलेलं होतं. त्यावर त्याने शीटचे दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवले. दोन्ही बाहेरून चंदेरी, आतून काळे. एक पातळ, एक जाड.

"कशाचं आहे हे?"

"ब्यूटाइल. रबराची जात. दोन्ही एकच माल, कंपनी वेगळी."

तिने बोट वाकवून ठोकलं. मोकळ्या पत्र्यावर टण. पातळ शीटवर टप. जाड शीटवर नुसतं ठप्प, जमिनीवर पोतं पडावं तसं. तिने डोळे मिटून पुन्हा ठोकलं. वीस वेळा ठोकलं असेल. शालिग्राम हसला, "ताई, दार झोपेतून उठेल." तिने जाड शीट घेतलं. स्वस्तही तेच होतं. दोन दिवसांत त्याच्या कारागिरांनी तळ, छत आणि सगळी दारं मढवून दिली.

दोन महिने व्हॅन खरंच गप्प झाली. परतीच्या वाटेवर पेशंट झोपायला लागले. द्रौपदाबाई तर घोरायच्या. साक्रीजवळच्या खेड्यातल्या, पासष्ट वर्षांच्या, अंगाने काडी, जिभेने तिखट. त्यांची जागा 'मागची डावी'. जाग आली की पहिला प्रश्न: "व माय, गाडी चाली राहिनी का उभी शे?" सगळे हसायचे. सविता हसायची नाही, पण आरसा पुसायची. वडिलांसाठी जे जमलं नाही ते यांच्यासाठी जमलं, असं तिला वाटत असावं.

एप्रिलचा दुसरा मंगळवार. पारा चव्वेचाळीसवर. दवाखान्याच्या आवारात सावली नाही. व्हॅन चार तास बंद काचांनी उन्हात उभी. दुपारी सविताने दार सरकवलं आणि आतून वास आला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. घराचा स्लॅब एका कोपऱ्यात गळायचा, तेव्हा यादवांनी तिथे डांबराची पट्टी चिकटवून घेतली होती. चंदेरी पाठीची. दर एप्रिलमध्ये गच्चीवर हाच वास. तिने कारपेटची कड उचलली. काळ्यात बोट रुतलं. बोट काढलं तर मागे तार आली.

पेशंट बाहेर उभे होते, एकमेकांना धरून. त्यांना कुठे ठेवणार? काचा उघडल्या आणि निघाली. आत लू घुसली, वास काही गेला नाही. वाटेतलं नेर गाव यायच्या आधी द्रौपदाबाईंना उलटी झाली. पोटात काही नव्हतं, तरी होत राहिली. सविताने गाडी बाजूला घेतली. त्या रस्त्याच्या कडेला बसल्या, पदर तोंडाला.

"हाई गाडी शे का डांबरनी भट्टी?" त्या म्हणाल्या. "मी नही बसस आते."

"अक्का, घरापर्यंत तरी चला."

घरापर्यंत आल्या. शुक्रवारी आल्या नाहीत. एकट्या एस्टीने धुळ्याला गेल्या. परत येताना स्टँडवर चक्कर येऊन पडल्या. कुणीतरी बाकावर झोपवलं. संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या. हे सविताला रात्री त्यांच्या मुलाने, अभिमनने, सांगितलं. सविता फक्त 'हं' म्हणाली.

रविवारी दुपारी दोन वाजता तिची व्हॅन शालिग्रामच्या दुकानासमोर उभी राहिली. पारोळा, एरंडोल मागे टाकत ती थांबली नव्हती. मुद्दाम उन्हात गाडी लावली, काचा चढवल्या, वीस मिनिटं शेजारी उभी राहिली. मग दुकानात गेली.

"भाऊ, जरा गाडीत बसता का?"

"काय म्हणालात?" तो पुढे झुकला.

"मागे, डाव्या बाजूला. पाच मिनिटं. काचा बंद."

"ताई, ऊन डोक्यात गेलं का?"

"बसा म्हणते."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती बघत होती म्हणून तो हसत जाऊन बसला. दोन मिनिटांत बाहेर आला. शर्ट भिजलेला, हसू गेलेलं.

"उन्हात कुठल्याही गाडीत असंच होतं."

सविताने कारपेट उलटं केलं. तळावरचा एक तुकडा ओढून त्याच्या काउंटरवर ठेवला. तो काचेला चिकटला.

"हे स्लॅबवर लावतात. माझ्या घरावर आहे. तुम्ही ब्यूटाइल म्हणालात."

तो तुकडा काढायला गेला, बोटं काळी झाली. मग त्याने मान वर केली. आता तोही गोड बोलत नव्हता.

"तुम्हीच निवडलं ना ताई? वीस वेळा ठोकून घेतलं. पातळ शीटही तिथेच होतं. मी म्हटलं का हेच घ्या?"

 त्याने खोटं सांगितलं होतं, पण हे एक वाक्य खरं होतं. पातळ शीटवर तिने दोनदा ठोकलं आणि सोडून दिलं. जानेवारीत, सावलीत, थंड दारावर. चव्वेचाळीस अंशांत राहणाऱ्या बाईने. कानाने निवडलं. नाक जवळ नेलं नाही, उन्हात ठेवून बघू म्हणाली नाही.

"पुढच्या रविवारी आणा. कारागीर लग्नाला गेलेत. आले की काढून देतो."

"मंगळवारी माझ्या पेशंटनी काय करायचं?"

"काचा उघड्या ठेवा."

सविता वळली. दुकानात टांगलेलं ते सुटं दार तिने साखळीतून काढलं. दोन्ही तुकडे अजून त्यावर होते. दार छातीशी धरून ती बाहेर आली आणि फुटपाथवर, भर उन्हात, भिंतीला टेकवून उभं केलं. शालिग्राम ओरडत मागे आला. "ओ ताई! माल आहे तो दुकानाचा!"

"माल कुठे पळत नाही. बघू फक्त."

ती दाराशेजारी उभी राहिली. डोक्यावर रुमाल नाही, काही नाही. शालिग्राम हात लावायला आला की त्याच्याकडे नुसती बघायची. समोरचा उसाचा रसवाला म्हणाला, "शालिग्रामभाऊ, ताईंना खुर्ची तरी द्या, सिनेमा लांबणार दिसतोय." तासाभरात जाड शीटची वरची कड सुटली. मग ते शीट हळूहळू खाली घसरायला लागलं, मागे काळा ओघळ सोडत. पातळ शीट जागच्या जागी होतं. नवी गाडी घेऊन आलेला एक माणूस ते बघत होता. त्याने दोन्ही तुकडे पाहिले, शालिग्रामकडे पाहिलं आणि गाडी वळवून निघून गेला.

"झालं समाधान?" शालिग्राम म्हणाला.

"नाही," सविता म्हणाली. तिचं उत्तर त्याला ऐकूही गेलं नसेल.

समाधान कसलं होणार? ती साक्रीला परत आली ती त्याच व्हॅनमधून, त्याच वासात.

सोमवारी तिने स्वतःच काढायला घेतलं. गरम असताना डांबर पटाशीला चिकटायचं, निघायचं नाही. मग बर्फाची लादी आणली. गोणपाटात गुंडाळून पाव तास शीटवर ठेवायची. शीट गारठलं की पटाशीने चिक्कीसारखं तुटतं. सुरुवात तिने मागच्या डाव्या कोपऱ्यापासून केली. छताला बर्फ टेकेना, तर तुकडे पिशवीत भरून दोन्ही हातांनी वर दाबून धरायची. पाणी बाह्यांतून कमरेपर्यंत. कोणी मदतीला आलं तर म्हणायची, "नको, माझं मी करते."

मंगळवारी पाच पेशंट आले. द्रौपदाबाई आल्या नाहीत, एस्टीनेही गेल्या नाहीत. धुळ्याहून परतल्यावर सविता त्यांच्या दारात गेली. त्या खाटेवर बसल्या होत्या. पावलं सुजलेली.

"अक्का, मागचा अर्धा भाग साफ झालाय. काळं काही राहिलं नाही. चला शुक्रवारी."

"तू ते सांगशीच, साफ शे. वास तुना कपडास्ना ई राहिना."

खरं होतं ते. तिच्या अंगालाच वास होता. नखांत काळं होतं.

"मग एस्टीने जाऊ. मी येते सोबत."

"पडनू एकदाव. पुरे."

"फेरी चुकवू नका, अक्का." तिचा आवाज इतका उतरला की द्रौपदाबाई झुकल्या. "माझ्यावर रागवा. मशीनवर रागवू नका."

म्हाताऱ्या बाईने तोंड फिरवलं.

सविता त्या रात्री आणि बुधवारी दिवसभर खरवडत राहिली. छत झालं. सरकती दारं झाली. तळ झाला. गुरुवारी पुढची दोन दारं तेवढी उरली होती. दुपारी तीनला ती ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवी बसली होती. खालच्या कोपऱ्याला बर्फ लावून झाला होता, पटाशी चालवली होती. तेव्हा फोन वाजला. 'मागची डावी'.

बोलत अभिमन होता. "ताई, मायले श्वास लागना."

पटाशी तिथेच पडली. कारपेट अंगणात वाळत होतं, ते तसंच राहिलं. अभिमनने आईला उचलून मागे आडवं केलं. त्यांना आता वास येत होता की नाही, कुणी विचारलं नाही. व्हॅन सुटली. मागे कारपेट नाही, अस्तर नाही, शीट नाही, नुसता पत्रा. ऐंशीवर तो असा वाजायला लागला, तसा जानेवारीच्या आधीही कधी वाजला नव्हता. सविता आरशात बघत होती. द्रौपदाबाई तोंड उघडून हवा ओढत होत्या.

"अक्का, आवाज होतोय, हळू घेऊ का?"

"वाजू दे," त्या म्हणाल्या. दोन श्वासांनंतर पुन्हा म्हणाल्या, "चाल. चाल तू."

कुसुंब्यापासून पुढे सविताने एकदाही 'धरा' म्हटलं नाही.

दवाखान्यात त्यांना लगेच मशीनवर घेतलं. डॉक्टर सविताला नातेवाईक समजून बोलले. फेरी कशी चुकली, लक्ष कुणाचं होतं, आणखी दोन तास झाले असते तर काय. तिने ऐकून घेतलं. तिने डांबराचं नाव काढलं नाही, शालिग्रामचंही नाही. अभिमन सांगायला लागला तर तिने त्याच्या हाताला धरलं.

द्रौपदाबाई वाचल्या. तीन दिवसांनी त्याच व्हॅनने घरी गेल्या, मागच्या डाव्या जागेवर बसून. वास आता त्या बाजूला नव्हता. पत्रा वाजत होता. त्यांनी कानात बोटं घातली आणि सविताला शिव्या दिल्या, त्याही गोड नव्हत्या.

त्याच आठवड्यात सविताने पुढचं डावं दार साफ केलं. कारपेट घातलं. खरं ब्यूटाइल नंतर बघू म्हणते. आता मिळालं तर आधी तुकडा गच्चीवर उन्हात ठेवीन, महिनाभर, म्हणते.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार राहिलं.

मे महिन्यात झुलाल नाना एकदा म्हणाले, "पोरी, तुना दरवाजा राही गया."

"माहीत आहे, नाना."

"बर्फ आणू का मी?"

"नको."

"वास तुलेच येस ना पण."

तिने टायरना लाथा मारल्या, आत बसली, काच पूर्ण खाली केली आणि गाडी सुरू केली. त्या दाराला अस्तर नाही. खालच्या कोपऱ्यात वीतभर पत्रा उघडा आहे, पटाशीचे चार ओरखडे आहेत. त्याच्या वर सगळं काळं तसंच आहे.