मामाचं तळं

माझा मामा नगररचना खात्यात नकाशे काढायचा. इतका टापटीप की घरी पाण्याच्या पेल्याखालीसुद्धा बशी ठेवायचा. शहर मात्र त्याच्या नकाशाला विचारून वाढत नव्हतं. आराखडा मंजूर होऊन येईपर्यंत मोकळ्या जागेवर वस्ती झालेली असायची आणि वस्तीवर दुसरा मजला चढलेला असायचा. मोठे साहेब म्हणायचे, नकाशा बरोबर आहे, वस्ती चुकली आहे.

माझ्या आईने, म्हणजे मामाच्या ताईने, अशाच एका माळावर दोन खोल्या बांधल्या. बघता बघता शेजारी शंभर घरं उभी राहिली. मग नव्या आराखड्यात नेमका तिथूनच रुंद रस्ता काढायचं ठरलं. त्याच आठवड्यात मामाचा चहाचा कप मूळ नकाशावर टेकला आणि आमच्या वस्तीभोवती गोल डाग उमटला. हे काय, म्हणून साहेबांनी विचारलं. मामा म्हणाला, तळं. मग त्याने तो गोल निळ्या रंगाने नीट भरला. जागेवर जाऊन बघायची खात्यात पद्धत नव्हती. रस्त्याने मुकाट्याने वळसा घेतला.

वीस वर्षं आम्ही तळ्यात सुखाने राहिलो. पाणी तेवढं टँकरने यायचं.

मामा निवृत्त झाला आणि आईला नोटीस आली. तळं बुजवून घर बांधल्याबद्दल महिन्याभरात घर पाडा आणि तळं पूर्ववत करा. मला हसू फुटलं, पण आई हसली नाही. तिचा सगळा संसार त्या दोन खोल्यांत झाला होता.

"तळं तुझं आहे, तूच निस्तर," एवढंच ती मामाला म्हणाली.

मामा मला घेऊन कचेरीत गेला. साहेबांच्या जागी आता एक बाई होत्या. मामाने पिशवीतून जुना कप काढून नकाशातल्या तळ्यावर ठेवला. तो तंतोतंत बसला. बाईंनी कपाकडे पाहिलं, मग मामाकडे.

"बशी नव्हती?"

मामाचे कान लाल झाले.

"होती," तो म्हणाला. "पण त्या कागदावर माझ्या ताईचं घर होतं."

मला तिथेच त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, मंजूर झालेलं तळं रद्द करायला पंधरा वर्षं लागतात, किरकोळ दुरुस्ती म्हणून सरकवायला मात्र माझी एक सही पुरते. कुठे सरकवायचं ते तुम्हीच दाखवा, फक्त कुणाच्या घरावर नको.

मामाने कप उचलला, नकाशावर जरा फिरवला आणि एका मोठ्या इमारतीवर अलगद ठेवला. बाईंनी ओठ घट्ट मिटून सही केली.

तेव्हापासून नगररचना खातं तळ्यात आहे. तिथे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.