मार खाण्याआधीचा नमस्कार

नुसता मार खाऊन मोठं नाव कमावलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझा सख्खा आतेभाऊ आहे. म्हैसूरच्या गोकुलम भागात, जिथे दर एका घराआड योगशाळेची पाटी दिसते आणि शहाळीवालासुद्धा ‘मलई हवी का’ हे दोनचार परदेशी भाषांत विचारतो, तिथे त्याचा युद्धकलेचा वर्ग आहे. पहाटे योगासनं करून हलकी झालेली परदेशी मंडळी सकाळी त्याच्याकडे येतात आणि लाल मातीत आपटून घेऊन पुन्हा जड होतात. सगळे त्याला ‘गुरुजी’ म्हणतात. मी त्याला शेंबूड पुसताना पाहिलेला असल्यामुळे मला ते जमत नाही. माझ्या शेजारी पुण्याहून आलेले एक इंजिनियर राहतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो हे कळल्यावर त्यांनी ‘अरे वा’ म्हणून गाडी पुसायला घेतली होती. त्यांच्या मुलीने या वर्गात नाव घातलं आणि एके दिवशी ते धावतच आले. “अहो, तुम्ही गुरुजींचे भाऊ! आधी नाही का सांगायचं?” तेव्हापासून ते मला दोन्ही हात जोडून नमस्कार करतात. इतकी वर्षं इतिहास शिकवून जे मिळालं नाही ते आत्याच्या मुलामुळे मिळालं. याचा आनंद माणसाने कुठल्या तोंडाने मानावा?

आमची घराणी जुनी, म्हैसूरच्या राजांच्या फौजेतली. पूर्वजांनी घोडदळात तलवार गाजवली असं घरात सांगतात. त्यांनी घोड्यांना चंदी घातली असण्याचा संभव मला अधिक वाटतो, पण हे बोललं की माझ्या पानात दुसऱ्यांदा भात पडत नसे. आतेभावाने मात्र हा इतिहास पुराव्याशिवाय गिळला. आमच्या गल्लीच्या टोकाला गरडी होती, म्हणजे तालीम. तो तिथे भरती व्हायला गेला तेव्हा उस्तादांनी त्याच्या बरगड्यांकडे पाहिलं आणि कानडीत एवढंच म्हणाले, “आधी जेवून ये.” तो खरोखरच जेवून परत गेला. उस्तादांनी दार लावून घेतलं. मग तो रोज खिडकीतून बघायचा. खिडकी लहान आणि पैलवानांच्या पाठी रुंद, त्यामुळे त्याला डाव एकही दिसला नाही. दिसला तो फक्त आरंभीचा नमस्कार, कारण त्या वेळी सगळे वाकलेले असत. तेवढी एकच विद्या घेऊन हा मुलगा गल्लीत मारामारी करू लागला.

त्या मारामाऱ्या मी अगदी जवळून पाहिल्या आहेत. गोट्या, पतंग, कोणी आत्याच्या कानडीची केलेली नक्कल, काहीही कारण पुरे. भांडण पेटलं की हा आधी शर्ट काढायचा आणि मागे न बघता डाव्या बाजूला हात लांब करायचा. तिथे मी असायचो. आत्याची ताकीदच होती, “हाड मोडलं तर चालेल, शर्टाला डाग नको.” मी शर्टाची घडी घालून उंच धरायचो. मग हा गुडघ्यावर बसायचा, मातीला हात लावायचा, ती कपाळाला लावायचा, दंडांना चोळायचा आणि डोळे मिटायचा. समोर बहुतेक वेळा सॉमिलवाल्याचा मुलगा असे. त्याला नमस्कारात रस नव्हता. हा डोळे मिटायचा आणि तो सुरू करायचा. हा डोळे उघडायचा तेव्हा भांडण संपलेलं असायचं. मी किती वेळा सांगितलं, “अरे, आधी दोन ठेवून दे, मग काय तो नमस्कार कर.” तर हा फुटलेल्या ओठाने म्हणायचा, “अय्यो, ती मारामारी झाली रे. हे वेगळं, गोत्ता?” मला काय गोत्ता, काय ठाऊक असणार! मला एवढंच दिसायचं की पराभवानंतर घरी हळददूध त्याला, तुपातला शिरा त्याला, आणि एकदा तर सॉमिलवाल्याच्या बायकोने स्वतः येऊन कोडबळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांचा, डबा दिला, तोही त्यालाच. गल्लीतल्या मुली त्याच्या नाकाची चौकशी करायच्या. शर्ट स्वच्छ राहिला याबद्दल मला कोणी कधी कोडबळं दिलं नाही. मला मिळालं ते नाव. सगळी पोरं मला ‘स्टँड’ म्हणू लागली. त्यावरून आतेभाऊ सॉमिलवाल्याच्या मुलाशी भांडायला उभा राहिला, शर्ट काढून माझ्याकडे दिला, नमस्कार केला आणि मार खाल्ला. या लढाईने माझं टोपणनाव कायमचं पक्कं झालं.

आणि एक दिवस नवल घडलं. हा डोळे मिटून बसला होता आणि सॉमिलवाल्याचा मुलगा थांबला. मला वाटलं त्याचा पाय मुरगळला असेल. पण तो नुसता उभा राहिला, हात मागे बांधून, जरा अवघडल्यासारखा. नमस्कार पुरा झाला, आतेभावाने डोळे उघडले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग त्याने आतेभावाला रीतसर बडवलं. गरडीच्या पायरीवर उस्ताद कॉफी पीत बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि दोघांनाही आत बोलावलं. मीही शर्ट घेऊन दारापर्यंत गेलो. उस्तादांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, “यारो इवनु?” म्हणजे हा कोण. आतेभावाने काहीतरी उत्तर दिलं, पण त्याचा ओठ इतका सुजला होता की ते कोणालाच कळलं नाही. दार लागलं. मी शर्ट आत्याला नेऊन दिला आणि पुस्तकं वाचू लागलो.

पुढे तो बऱ्याच विद्या शिकला, पण मुळातली खोड गेली नाही. तो कशालाही हात लावण्याआधी वाकतो. स्कूटर सुरू करण्याआधी तिला नमस्कार करतो, आणि हे सिग्नलला बंद पडली तरी करतो, मागे बस कितीही बोंबलू दे. मसाला डोशाला करतो. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसण्याआधी त्याने फरशीला हात लावला, तेव्हा याची काही वस्तू पडली असेल म्हणून डॉक्टरही खाली वाकून शोधू लागले. मी असलं काही केलं तर घरचे मला डॉक्टरकडे नेतील. त्याने केलं की लोक फोटो काढतात.

गेल्या रविवारी त्याच्या नव्या आखाड्याचा आरंभ होता. इंजिनियर मला आग्रहाने घेऊन गेले. झेंडूच्या माळा, समई, सनईची ध्वनिफीत, एका पाहुण्यांचं न संपणारं भाषण. या सगळ्याकडे मी इतिहासाच्या माणसाने बघावं तसं बघत होतो. खरं म्हणजे मी एकाच गोष्टीसाठी गेलो होतो. तो आपल्या लहानपणच्या मारामाऱ्या शिष्यांना रंगवून सांगतो हे मी ऐकून होतो, आणि मला बघायचं होतं की त्यांत मी आहे की नाही. त्याने सांगितलंही झकास. बरगड्या आल्या, खिडकी आली, सॉमिलवाल्याचा मुलगा थांबला तिथे एका परदेशी बाईने डोळे टिपले. शेवटी तो म्हणाला, “त्या दिवसांत मी अगदी एकटा होतो.” टाळ्या पडल्या. एकटा! माझे हात अवघडेपर्यंत धरलेले ते शर्ट मग काय हवेत तरंगत होते? मी उठलो आणि आखाड्याच्या कडेने दाराकडे निघालो.

तेवढ्यात प्रात्यक्षिक सुरू झालं. मी त्याच्या मागून, डाव्या बाजूने चाललो होतो. त्याने शर्ट काढला आणि मागे न बघता हात लांब केला. माझा हात माझ्या आधी पुढे गेला. शर्ट धरल्यावर मला कळलं की मी तो धरला आहे. बाजूला उभ्या असलेल्या एका नव्या मुलीने विचारलं, “गुरुजी, हे कोण?”

“तू एकटा होतास ना?” मी हळूच म्हणालो.

तो वळला. या खेपेला ओठ सुजलेला नव्हता. “हौदु, हो, एकटाच,” तो म्हणाला. “तुला धरून एकटा रे. ते काय वेगळं सांगायचं?” आणि मुलीकडे बघून म्हणाला, “हा असला की मला डोळे मिटता येतात. अष्टे, एवढंच.”

मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याने मातीला हात लावला. समोरचा शिष्य हात मागे बांधून थांबला होता. आता सगळेच थांबतात. मी शर्टाची घडी घातली, कॉलर आत, बटणं वर, आत्याला लागायची तशी. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली, डाग शोधायला आता कोणी नाही. तरी मी तो मातीपासून उंच धरला.