उरलेल्या फरश्यांचं घर

त्याला आम्ही ओळंबा म्हणायचो. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे की नाही ते त्याने कळतं. हाही तसाच, उंच, सडसडीत. कुठे वाकडं काही दिसलं की याच्या जिवाला घोर. मी नळाचं काम करतो, तो फरशी बसवायचा. नळवाला आणि फरशीवाला यांचं नातं सासू-सुनेचं असतं, एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांचं काम पटत नाही. माझा पाइप भिंतीतून बोटभर इकडे-तिकडे निघाला तर तो बोलायचा नाही, नुसता त्या पाइपकडे बघत उभा राहायचा. त्यापेक्षा शिवी परवडली.

बारा वर्षं आम्ही दोघांनी मिळून लोकांच्या मोऱ्या आणि स्वयंपाकघरं केली. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे. फरशीवाल्याचा जन्म गुडघ्यावर जातो. बत्तिसाव्या वर्षी जिना उतरताना तो कठड्याला धरायचा, आणि कोणी बघितलं तर कठडा हलतोय का ते तपासल्यासारखं करायचा.

आमच्या कामात एक रीत आहे. फरशी मोजणीपेक्षा थोडी जास्तच मागवतात, कारण कापताना फुटते. हात चांगला असेल तर फुटते कमी आणि उरते जास्त. त्या उरलेल्या चार-दोन फरश्या मालक जिन्याखाली टाकतात आणि विसरून जातात. ओळंबा त्या मागून घ्यायचा. न विचारता त्याने कधी तुकडाही उचलला नाही. घरासाठी हव्यात, असं सांगायचा. तेव्हा त्याला घर नव्हतं. भाड्याची एक खोली होती, खोलीत पलंग होता आणि पलंगाखाली फरश्या होत्या. त्या वाढत गेल्या तसा पलंग विटांवर चढत गेला. त्याची बायको म्हणायची, घर नंतर घ्या, आधी मला पलंगावर चढायला शिडी घ्या.

मग त्याने घर घेतलं. म्हणजे कागदावर घेतलं. दीड वर्षात ताबा देतो म्हणणाऱ्या बिल्डरने साडेतीन वर्षं लावली. तोवर खोलीचं भाडंही चालू आणि बँकेचा हप्ताही चालू. राहायचं एका खोलीत आणि पैसे भरायचे दोन घरांचे, ही अक्कल कोणाच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा भेटायचंय मला. घर घेण्याआधीच मी त्याला म्हटलं होतं, अंथरूण पाहून पाय पसरावेत.

तो म्हणाला, "दादा, अंथरूणच दर वर्षी आखूड होतंय. पाय किती आखडू?"

 

ताबा मिळाला तेव्हा आत नुसता सिमेंटचा कोबा होता. फरशीशिवाय घेतलं तर स्वस्त पडतं म्हणून त्याने तसंच घेतलं होतं. दोन खोल्या, एक मोरी, आणि एक गॅलरी, जिच्यात एक माणूस आणि एक बादली मावेल. मग पलंगाखालून माल निघाला. साठ-सत्तर घरांतला माल, रंग वेगळे, जाडी वेगळी. दुसऱ्या कोणी बसवला असता तर भंगाराचं दुकान दिसलं असतं. याने आधी कागदावर आखलं, रोज काम संपवून आल्यावर थोडं थोडं बसवलं, आणि जाडीतला फरक खालच्या सिमेंटच्या मसाल्यात असा मुरवला की डोळे मिटून चाललं तरी पायाला काही लागू नये. मी मुद्दाम डोळे मिटून चाललो. चूक सापडली नाही याचा मला थोडा रागही आला.

चूक होती, पण ती पायाला लागणारी नव्हती. फरशी भिंतीला टेकवायची नसते. कडेने नखभर फट ठेवायची, वरून पट्टी लावली की ती झाकली जाते. उन्हात फरशी फुगते, तिला सरकायला जागा हवी. हे मला ओळंब्यानेच शिकवलं होतं. फट न ठेवणाऱ्या कारागिरांना तो चोर म्हणायचा. आणि स्वतःच्या घरात त्याने चारही बाजूंनी फरशी भिंतीला नेऊन भिडवली. मी विचारलं तर म्हणाला, पट्टीला या महिन्यात पैसे नाहीत, आणि उघडी फट रोज डोळ्यांना टोचेल. शिवाय घर आपलंच आहे, काही झालं तर मी कुठे जातोय?

त्या घरात पाय पुसल्याशिवाय कोणाला प्रवेश नव्हता. दाराशी पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या पलीकडे त्याची मुलगी. तिला आम्ही खडी म्हणायचो, कारण लहान आणि टणक. पाच वर्षांची ती पोरगी मला अडवून म्हणायची, नळकाका, पाय पुसून या. मग हात धरून फरश्या दाखवायची. ही दातांच्या डॉक्टरची, ही शिवणाऱ्या आजींची, ही त्या रागीट काकांची, हिच्यावर हळू चाला. पिवळ्या फुलाची एकच होती, दाराजवळची, ती तिची स्वतःची. मी आयुष्यभर लोकांच्या घरांत पाणी आणलं, पण कोणाच्या घरी जाऊन इतकं बरं कधी वाटलं नाही. हे त्याला सांगायला हवं होतं. मी मोरीतल्या नळाचं कौतुक केलं, जो मीच बसवला होता.

तीन वर्षं असं चाललं. मग व्याज वाढलं. बँकेतली बाई गोड होती. म्हणाली, हप्ता तोच ठेवते, फक्त वर्षं वाढतील. वर्षं वाढून ओळंब्याच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत गेली. बासष्टाव्या वर्षी गुडघ्यावर बसणारा फरशीवाला मी तरी पाहिलेला नाही. व्याज पुन्हा वाढलं तेव्हा वाढवायला वर्षंच उरली नव्हती, म्हणून हप्ता वाढला. इमारतीची देखभाल वाढली, बसचं तिकीट वाढलं, दूध वाढलं. लोकांचंही हेच चाललेलं, त्यामुळे मोऱ्या फोडून नव्या करणारी गिऱ्हाइकं कमी झाली. जी उरली त्यांनाही आता चिकटवायची प्लॅस्टिकची चटई पुरे वाटायची. त्याची बायको एका गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवायची. ते काम यंत्राकडे गेलं. तिने दुसरं शोधलं, तिसरं शोधलं, आणि मिळालं ते घरापासून दोन बस लांब, निम्म्या पगारावर. आई जेवण टाळायला लागली हे खडीने मला सांगितलं, आणि तेही कौतुकाने, की आईला भूकच लागत नाही.

मी पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, तुम्ही स्वतः भाड्याने राहता दादा, आणि तुमचे पैसे माझ्याकडे दोन महिनेही टिकायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याच्या घरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. मधल्या चार फरश्या भुईतून सुटून एकमेकींवर टेकून उभ्या राहिल्या. मी गेलो तेव्हा तो त्यांच्यासमोर बसला होता. त्याचं बघणं मी ओळखलं. माझ्या पाइपकडे बघायचा, तसंच.

"फट ठेवली नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, होतं असं, चार फरश्यांचं काय घेऊन बसलास, आपण दोघं बसवू. तो म्हणाला की आता बसवत नाही, कारण परवा घर बघायला माणसं येणार आहेत. मला हे असं कळलं.

घर घ्यायला आली ती पोरंच होती. नवीन लग्न, दोघंही नोकरीला, चेहऱ्यावर कधीपासूनची झोप साठलेली. त्यांना शिव्या द्यायची माझी फार इच्छा होती, पण द्याव्यात असं त्यांच्यात काही नव्हतं. तेही भाडं भरून थकले होते, तेही त्याच गोड बाईकडून आले होते. वर आलेल्या फरश्या ओळंब्याने झाकल्या नाहीत. सांगून टाकलं की चूक माझी आहे. त्या मुलीला घर आवडलं. फक्त जमीन एका रंगाची हवी, असं तिने हळूच सांगितलं. तुम्ही फरशीचंच काम करता ना, मग किमतीतच करून द्याल का, म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. मीही तेच विचारलं असतं.

तो हो म्हणाला.

फरशी काढायच्या दिवशी मी गेलो. नळाचं काही काम नव्हतं. आदल्याच आठवड्यात सामान भाड्याच्या खोलीत गेलं होतं, जुन्या खोलीपेक्षा लहान आणि भाडं जास्त. खडीने निघताना एकच मागणी केली होती, पिवळ्या फुलाची फरशी आणायची. बापाने कबूल केलं होतं. तो आधी त्याच फरशीकडे गेला. कडेने छिन्नी लावली, हातोडी अशी हळू मारली की आवाज येऊ नये. फरशी दोन तुकड्यांत निघाली, मग चार. त्याने स्वतःच्या घरासाठी महागातला मसाला वापरला होता, आणि कंजुषी न करता. लोकांच्या घरांतल्या फरश्या निघतात. याची एकही निघाली नाही. दातांच्या डॉक्टरची फुटली, शिवणाऱ्या आजींची फुटली.  त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि धूळ आहे असं तो म्हणालाही नाही.

अख्ख्या राहिल्या त्या मधल्या चारच. ज्यांनी आधीच भुई सोडली होती त्या. तीन त्याने नव्या मालकिणीला दिल्या, कुंड्यांखाली ठेवायला. एक गोणपाटात गुंडाळली. साधी पांढरी होती, फूल ना काही, आणि कोणाच्या घरातली ते त्यालाही आठवेना.

मग पाच दिवस लावून त्याने त्या पोरांची जमीन केली, एका रंगाची, करडी. कडेने चारही बाजूंना नखभर फट सोडली. पट्टी त्याने स्वतःच्या पैशांनी आणली. मी म्हटलं, आता हे कशाला? तो म्हणाला, "राहायचंय ना त्यांना."

भाड्याच्या खोलीत मी त्याच्याबरोबरच गेलो. गोणपाट सोडलं. खडीने फरशीकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं. ही माझी नाही, एवढंच म्हणाली. तो म्हणाला, ती फुटली गं, माझ्याकडून फुटली. ती रडेल म्हणून मी खिशात गोळी शोधत होतो. ती रडली नाही. तिने फरशी दोन्ही हातांनी ओढत खोलीच्या मध्ये नेली, फ्रॉकने पुसली आणि तिच्यावर उभी राहिली. तिचे दोन पाय त्या फरशीवर जेमतेम मावत होते.

ओळंबा तिला उचलायला पुढे झाला. तिने हात आडवा केला.

"बाबा, पाय पुसून या."

खोलीत पायपुसणं नव्हतं. तो दारापर्यंत मागे गेला, खाली वाकला, आणि खिशातल्या रुमालाने एकेक पाय पुसू लागला. बराच वेळ पुसत होता.