दिपालीच्या फोनवर आलेला निरोप

धसईच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात सकुबाई शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायची. नवरा लवकर गेलेला, मुलगा हरेश भिवंडीला गोदामात कामाला. पोरं तिला मावशी म्हणत. कुणाला तळाची खरपूस खिचडी लागते, हेही तिला ठाऊक असे.

एकदा पातेलं उतरवताना गरम कड तिच्या कोपराला लागली. कातडी सोलून निघाली, तरी तिला कळलंच नाही. तिथे बऱ्याच दिवसांपासून एक फिकट चट्टा होता. ती एसटीने सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवून पाहिलं, मग उठून दार लोटलं.

"कुष्ठरोग आहे," त्या हळू म्हणाल्या. "वर्षभर गोळ्या घ्यायच्या, फुकट मिळतात. पूर्ण बऱ्या व्हाल. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. काम सोडू नका."

"कुणाला कळंल का?"

"आमच्याकडून नाही कळणार."

बाहेर नावनोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने मोबाइल नंबर मागितला.

"माझ्याकडं फोन नाय."

"कुणाचाही द्या. नंबराशिवाय पुढं जात नाही."

सकुबाईला एकच नंबर पाठ होता, शेजारच्या दिपालीचा. हरेश त्याच फोनवर आईशी बोलायचा. तिने तो सांगितला आणि महिन्याभराच्या गोळ्या घेऊन घरी आली.

पुढच्या महिन्यात ताप आला आणि तिचं जायचं राहिलं. दोन दिवसांनी दिपाली अंगणात येऊन उभी राहिली. एरवी ती सरळ चुलीपर्यंत यायची.

"काकी, दवाखान्यातून फोन आलता," ती अडखळत म्हणाली. "कुष्ठरोगाच्या गोळ्या न्यायच्या राहिल्यात म्हणं."

दिपालीने हे फक्त सासूला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकुबाई नळावर गेली तेव्हा बायकांनी आपापले हंडे बाजूला ओढून घेतले. शाळेत निम्मी पोरं घरून डबा घेऊन आली. मोठ्या गुरुजींनी तिला बोलावलं, बसायला सांगितलं नाही. "थोडे दिवस आराम करा तुम्ही," म्हणाले. आठवड्याभरात चुलीवर दुसरी बाई आली.

सकुबाई पुन्हा दवाखान्यात गेली. "बाय, गोळ्यांना फोनचा नंबर द्यायलाच लागतो का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नंबर नसला म्हणून कुणाचा इलाज अडवता येत नाही."

"मंग मला तसा का सांगितला?"

त्यांनी खिडकीवरच्या माणसाला बोलावलं. फोनही त्यानेच केला होता. पलीकडे कोण बोलतंय हे न विचारताच त्याने रोगाचं नाव घेतलं होतं. तो खाली मान घालून चूक झाली म्हणाला. नंबर काढून टाकला गेला. पुढे डॉक्टरीणबाई स्वतः गावात आल्या, शाळेच्या पडवीत लोकांना समजावून गेल्या. लोकांनी शांतपणे ऐकलं, माना डोलावल्या. सकुबाईचं काम काही परत मिळालं नाही. गावात तिला भाताच्या लावणीलाही कुणी बोलावेना, तेव्हा ती डोंगरातला रानमेवा आणि भाजी घेऊन धसईच्या बाजारात बसू लागली. गोळी मात्र तिने चुकवली नाही. वर्षाने ती बरी झाली.

त्यानंतर एकदा ओढ्यावर धुणं धुताना तिला बाईजाच्या दंडावर तसाच चट्टा दिसला. बाईजा तिच्याच वयाची, खालच्या आळीतली.

"बाईजा, दवाखान्यात चल. मी येतंय संगं."

बाईजाने पदर ओढून दंड झाकला. "पोरीचा लगीन व्हायचा हाय माझ्या."

"आता नंबर कुणी मागत नाय."

"तुझा काय झाला ता बघितला मी, सकु. माझा नाव कुठंच लिवायचा नाय."

सकुबाई पुन्हा धुणं आपटू लागली. तिने पुढेही दोनतीनदा विचारून पाहिलं. मग बाईजा ओढ्याची वाटच टाळू लागली.

मुलीचं लग्न झाल्यावर बाईजा आपणहून आली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. विळा धरता येत नव्हता. दोघी पहिल्या एसटीने दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी ती बोटं हलकेच सरळ करून पाहिली.

"गोळ्यांनी रोग जाईल. बोटांचं सांगता येत नाही. एवढा उशीर का केला?"

बाईजाने हात पदराखाली घेतला.

"तिला यायचा होता, बाय," सकुबाई म्हणाली. "माझ्याकडं बघून नाय आली."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट फोडलं आणि पहिल्या गोळ्या बाईजाच्या डाव्या हातावर ठेवल्या.