गादीमास्तरांची खिंड

आमच्या गल्लीत मोटरसायकलच्या गाद्या शिवणारा एकच माणूस आहे आणि त्याचा मला मनापासून राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून त्याची स्तुती झालीच तर ती नाइलाजाने झाली असं समजावं.

त्यांना सगळे गादीमास्तर म्हणतात. त्यांच्या समोरच्या दुकानात मी नंबरप्लेटा रंगवतो. मला लोक पेंटर म्हणायचे, पण ते सात वर्षांपूर्वीपर्यंत. हल्ली काय म्हणतात ते कळेलच.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, रेग्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे आणि या सगळ्याच्या मध्ये स्टुलावर चिकटवल्यासारखे मास्तर. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलंय. खडू न वापरता त्या नखानेच ते रेग्झिनवर खुणा करतात, चंद्राच्या बारीक कोरीसारख्या. माल आणायला त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, जातात. डोक्याच्याही वर जातील असे गुंडाळे मागे बांधून त्या ती जुनी मोटरसायकल शहराच्या दुसऱ्या टोकापासून हाकत आणतात, तीस वर्षं. मास्तर तीच गाडी घरापासून दुकानापर्यंत चालवतात, म्हणजे दोन वळणं. तरीही "तिला गाडीतलं काय कळतंय" हे वाक्य दिवसातून एकदा ऐकू येतंच.

वसंतात बर्फ वितळून वरच्या खिंडीचा रस्ता खुला झाला की आमच्याकडच्या पुरुषांच्या अंगात येतं. एरवी दूध आणायला खाली उतरायचा कंटाळा करणारे लोक गुडघ्यांना कवचं बांधतात, बायकोला खिडकीत उभं करून फोटो काढून घेतात आणि सहा दिवस डोंगरात जातात. परत आल्यावर प्रत्येकाची गोष्ट तीच: वादळ, दरड, मृत्यू समोर दिसला, आपण डगमगलो नाही. मग उसवलेली गादी घेऊन ते मास्तरांकडे येतात आणि तिथे घात होतो. कारण मास्तर गादी वाचतात.

"उतारावर माणूस पुढे घसरतो, चढावर मागे सरकतो," गादीवर तळहात फिरवत ते सगळ्यांदेखत म्हणतात, "तुमची गादी तर मधोमधच दबलीय, साहेब. सपाटीवरचं लॉज बरं होतं का?" बँकेतला कॅशियर तेव्हापासून आमच्या गल्लीतून जात नाही.

माझीही गादी त्यांनी वाचली होती. मी एकट्याने खिंड पार केल्याचं रंगवून सांगत होतो, ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला होता. मास्तरांनी चष्मा लावला. "पेंटर, खिंडीत कोंबड्या असतात का हो?" म्हणाले. "ह्या ओरखड्यांवरून तर गादीवर तीन दिवस कोंबड्या बसल्यात." मी बहिणीकडे झोपा काढत होतो आणि गाडी खुराड्याशेजारी उभी होती, हे खरं होतं. पण ते चार लोकांत बोलायची गरज होती का? तेव्हापासून मला सगळे कोंबडीखिंड म्हणतात. माझी बायकोसुद्धा.

सात वर्षं मी हा अपमान गिळून बसलो. यंदा एका डॉक्टरची गादी वाचून मास्तरांनी त्याला रडकुंडीला आणलं, तेव्हा माझा संयम सुटला. "मास्तर, स्वतः एकदा तरी गेलात का तिकडे?" मी रस्त्यातूनच ओरडलो. "जाऊन या. स्वतः चालवत खिंड पार करा. आल्यावर गादी सगळ्यांसमोर ठेवायची. जमलं नाही, तर पुन्हा कुणाची गादी वाचायची नाही."

मास्तरांनी उगाच कात्री उचलून पुन्हा खाली ठेवली, पण माघार घेतील तर ते मास्तर कसले! "ठरलं," म्हणाले. "हीसुद्धा येईल मागे. बघू दे तिला, गाडी कशी चालवतात."

आठव्या दिवशी ती दोघं परत आली. मास्तरांनी गाडी दुकानासमोर लावली आणि थेट आत गेले. दुपारपर्यंत सगळे जमले. कॅशियर आला, डॉक्टर दवाखाना सोडून आला. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून मीही थोडं शिकलो होतो. गादी उचलली आणि मागे बसणाऱ्याने धरायचा पट्टा पाहिला. पट्टाभर त्या ओळखीच्या नखाच्या बारीक कोरी उमटल्या होत्या. एकात एक, खोल. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

"थांबा," आतून मास्तर आले. "गादी कुणाचीही असो, वाचणार मीच."

त्यांनी चष्मा पुसला. "शिवणीत पांढऱ्या पाकळ्या आहेत. म्हणजे खालच्या दरीतल्या फळबागा. इथपर्यंत पुढे जड माणूस. खालच्या कडेला पाण्याचा डाग, बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं तिथला. इथे जड माणूस थांबला." त्यांनी बोट पुढे सरकवलं. "इथून पुढे गादीचं फक्त टोक घासलंय. म्हणजे लहान चणीचं माणूस, टाकीला चिकटून बसलेलं. चढावर मागे सरकलं नाही, उतारावर घसरलं नाही. सगळी खिंड त्यानेच पार केली. जाताना आणि येतानाही. असा बसलेला हात मी तीस वर्षांत बघितला नाही." मग पट्टा हातात घेतला. "मागे बसलेला माणूस घाबरट होता. त्याने हा क्षणभरही सोडला नाही."

कुणी हसलं नाही. मलाही हसता येईना, याचंच मला वाईट वाटलं. सात वर्षं जपलेला सूड ह्या माणसाने स्वतःच्याच हाताने उरकून टाकला.

"आणि डोळे मिटून बसला होता," दारातून वहिनी म्हणाल्या. "ते गादीवर उमटत नाही, म्हणून सांगते."

मग मात्र गल्ली अशी हसली की मशीनवरची कात्री खाली पडली.

मास्तरांनी शब्द पाळला. आता ते कुणाची गादी वाचत नाहीत आणि गावात खिंड पार केलेल्यांची संख्या दुपटीने वाढली आहे. मला मात्र अजून कोंबडीखिंडच म्हणतात.

परवा ते आपल्या गाडीची नवी गादी बेतत होते. पुढच्या भागाचं माप त्यांनी वहिनींना स्टुलावर बसवून घेतलं, दोनदा. मागे पट्टे दोन लावले.